शाळेत पैशाचे शिक्षण : मराठवाड्यातील शिक्षक-पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कितवीपासून सुरुवात करावी?

पहिलीपासून. मात्र पहिली-दुसरीत फक्त नाणी, नोटा आणि सुट्टे पैसे. दहाची नोट दिली, सात रुपयांची वही घेतली, तर परत किती येणार, हे खरी नाणी हातात देऊनच शिकवा. चित्रातल्या नाण्यांवर लेकरं बेरीज बरोबर करतात आणि दुकानात गोंधळतात. दोनचे आणि एकचे नाणे बोटांनी ओळखता येणे हाही याच पाठाचा भाग आहे.

तिसरी ते पाचवीत बाजाराची यादी, गरज आणि हौस यांतला फरक आणि शाळेतल्या बचत बँकेत, म्हणजे मुलांनीच चालवायच्या पेटीच्या बँकेत, पैसे भरणे. सहावी ते आठवीत व्याज, पावती, पट्टी (मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, माल विकल्यावर मिळणारा हिशेबाचा कागद), नफा-तोटा. नववी-दहावीत कर्ज, विमा, ठेवींची सुरक्षितता आणि मोबाइलवरची फसवणूक. मूल नववीत असेल पण त्याने आजवर कधी खातेपुस्तक भरले नसेल, तर त्यालाही आधी बचत बँकेवर बसवा.

अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे. यासाठी तास कुठून आणायचा?

वेगळा तास लागत नाही. गणिताच्या पुस्तकांत हा विषय आलेलाच आहे: सहावीत शतमान, नफा-तोटा आणि बँका व सरळ व्याज, सातवीत बँक व सरळ व्याज, आठवीत सूट, कमिशन आणि चक्रवाढ व्याज, नववी-दहावीत अर्थनियोजन. अडचण एवढीच की ही प्रकरणे सूत्र पाठ करून संपवली जातात. तीच उदाहरणे गावातल्या आकड्यांनी सोडवायची. बचत बँकेला आठवड्यातून एकदा परिपाठानंतरची वीस मिनिटे पुरतात.

बचत बँक सुरू करायला नेमके काय लागते?

कुलपाची एक पेटी, दोन जाड वह्या, प्रत्येक मुलासाठी चाळीस पानी वहीचा अर्धा भाग, आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. ठरावाशिवाय पेटीत एक रुपयाही घेऊ नका. पैसे कोण मोजणार, कोण ठेवणार, किल्ली कोणाकडे, परत कधी द्यायचे, हे ठरावात लिहिलेले असावे.

पहिली वही रोजकीर्द: त्या दिवशी कोणी किती भरले, कोणी किती काढले, दिवसअखेर पेटीत किती. दुसरी खतावणी: प्रत्येक मुलाचे वेगळे पान. मुलाच्या हातातल्या खातेपुस्तकात तारीख, जमा, नावे, शिल्लक आणि सही असे पाच रकाने आखून घ्या. शिल्लक मुलाने स्वतः लिहायची आणि रोखपालाने सही करायची. इथे घाईत शिक्षकच शिल्लक लिहून देतात. मग वर्षभर पैसे साठतात, पण वजाबाकी मूल कधी करत नाही.

कामे चार: रोखपाल पैसे मोजतो, लिपिक रोजकीर्द लिहितो, दुसरा लिपिक खतावणी भरतो आणि तपासनीस शेवटी नोटा-नाण्यांचा तक्ता करतो. दहाच्या किती, पाचच्या किती, दोनच्या किती, एकच्या किती. दर महिन्याला कामे बदला. पैसे मोजणारा आणि नोंद लिहिणारा हे दोघे कधीही एकच नसावेत. मोठ्या बँकेतही हाच नियम असतो. तो का असतो, हे लेकरांना इथे आपोआप कळते.

वार निवडताना गावाचा आठवडी बाजार पाहा. बाजाराच्या दिवशी लेकरांच्या हातात खाऊचे पैसे येतात, म्हणून बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडावी.

हिशेब जुळत नाही तेव्हा काय करायचे?

जुळणी सोपी आहे. खतावणीतल्या सगळ्या मुलांच्या शिल्लकांची बेरीज आणि पेटीतली रोख अधिक बँकेत भरलेली रक्कम या दोन बाजू रुपयाला रुपया सारख्या यायला हव्यात. समजा खतावणीची बेरीज २,३४६ आली. बँकेत २,००० आहेत आणि पेटीत ३३७. म्हणजे २,३३७. फरक ९.

फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर पहिला संशय अंकांच्या अदलाबदलीवर घ्या. कोणीतरी २३ भरले आणि खतावणीत ३२ लिहिले गेले, की नेमका ९ चा फरक येतो. २४ चे ४२ झाले तर १८ चा. फरक सम असेल आणि ९ ने भाग जात नसेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधा: २० चा फरक असेल तर कोणीतरी काढलेले १० रुपये जमेच्या रकान्यात गेले असण्याची शक्यता मोठी. यांतले काहीच लागू होत नसेल, तर एखादी नोंद पूर्ण राहून गेली का, हे रोजकीर्दीवर टिक करत पाहा.

हा शोध मुलांनाच करू द्या. वीस मिनिटांत सापडला नाही तर दुसऱ्या दिवशी. शिक्षकाने स्वतःच्या खिशातून नऊ रुपये टाकून जुळणी करू नये. चूक कागदावरच असते आणि ती सापडते, हे लेकराने एकदा स्वतः पाहिले की पुढे ते नोंद लिहिताना अंक दोनदा वाचते. पेटीत पैसे खरोखर कमी निघालेच तर रोजकीर्दीत ‘तूट’ म्हणून लिहा आणि समितीपुढे ठेवा. कोणत्याही मुलाचे नाव घेऊ नका, झडती तर मुळीच नको.

पैसे कुठे ठेवायचे? व्याज द्यायचे का?

पेटीत ५०० रुपयांच्या वर रक्कम राहू देऊ नये. त्यापुढची रक्कम बँकेत, मुख्याध्यापक आणि समितीचे अध्यक्ष या दोघांच्या सहीने चालणाऱ्या स्वतंत्र खात्यात ठेवा. शाळेच्या अनुदानाच्या खात्यात हे पैसे मिसळले की दोन्ही हिशेब बिघडतात. शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा फोनवर तर कधीच घेऊ नका. बदली झाली, आजारपण आले, की तिथेच सगळे अडते.

शाळेने व्याज देऊ नये. हा उपक्रम आहे, ठेवी गोळा करणारी संस्था नव्हे. खात्यावर बँकेकडून जे थोडे व्याज जमा होईल ते सगळ्या मुलांसमोर वाचून दाखवा आणि त्यातून पुढच्या वर्षीच्या वह्या घ्या.

वर्गातल्या काही लेकरांकडे भरायला पैसेच नसतात. त्यांचे काय?

त्यांना रोखपाल, लिपिक, तपासनीस करा. हिशेब शिकायला स्वतःचे पैसे लागत नाहीत. ‘सर्वांत जास्त बचत करणारा विद्यार्थी’ असले बक्षीस ठेवू नका आणि मुलांच्या नावापुढे रकमा लिहून फळ्यावर लावू नका. अशा बक्षिसामुळे घरातल्या डब्यातून पैसे उचलून आणण्याची वेळ येते, आणि जे आणू शकत नाही ते मूल बँकेच्या दिवशी गैरहजर राहू लागते. फळ्यावर फक्त वर्गाची एकूण रक्कम लिहा.

‘टक्का’ शिकवताना मुले का गोंधळतात?

कारण पुस्तकातला टक्का आणि गावातला टक्का एक नाही. आमच्या मते या संपूर्ण विषयातला सर्वांत मोलाचा तास हाच आहे, त्यामुळे इथे घाई करू नका.

पुस्तकात ‘द.सा.द.शे.’ असते, म्हणजे दर साल दर शेकडा. गावात ‘तीन टक्क्यांनी घेतले’ म्हणतात तेव्हा ते दरमहा शेकडा तीन रुपये असतात. बँक नऊ टक्के म्हणते, सावकार तीन टक्के म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला सावकार स्वस्त वाटतो. फळ्यावर दोन ओळी लिहा:

१०,००० रुपये, द.सा.द.शे. ९ : सहा महिन्यांचे व्याज ४५० रुपये.
१०,००० रुपये, दरमहा शेकडा ३ : सहा महिन्यांचे व्याज १,८०० रुपये.

पेरणीला घेऊन सुगीला फेडायचे म्हटले तरी फरक चौपट. महिन्याच्या टक्क्याला बाराने गुणायचे, मगच तुलना करायची, ही सवय लागली की पुष्कळ झाले. धान्य ‘दिढी’ने घेतले तर एका पोत्याचे दीड पोते परत, म्हणजे एका हंगामात पन्नास टक्के. आजी-आजोबांना हा शब्द ठाऊक असतो, त्यांना विचारून यायला सांगा.

पुढचा टप्पा घटत्या बाकीचा. बचत गटातून ५,००० रुपये दरमहा शेकडा दोनने घेतले आणि महिन्याला ५०० मुद्दल फेडले. व्याज दर महिन्याच्या उरलेल्या बाकीवर धरले तर दहा महिन्यांत ५५० रुपये होते. तेच व्याज शेवटपर्यंत पूर्ण ५,००० वर धरले तर १,०००. दर एकच, व्याज जवळजवळ दुप्पट. म्हणून दर विचारल्यावर दुसरा प्रश्न ‘कशावर?’ हा असतो. गटातले व्याज गटातच राहते आणि सभासदांमध्ये वाटले जाते, सावकाराकडचे जाते ते जाते, हा फरकही सांगा.

पीककर्जाचे उदाहरण जरूर घ्या. ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्र आणि राज्य सरकारच्या सवलती मिळून महाराष्ट्रात व्याज शून्यावर येते. मुदत चुकली की सवलत जाते. त्यामुळे कर्जाच्या कागदावर आधी शोधायची ती परतफेडीची तारीख.

मोंढ्याची पट्टी वर्गात कशी वापरायची?

नाव आणि फोन नंबर झाकून पट्टीची नक्कल करा आणि चार-चार मुलांच्या गटाला एकेक द्या. वजन, भाव, एकूण रक्कम, हमाली, तोलाई, इतर कपात, हाती आलेली रक्कम. प्रत्येक आकडा मुलांनी स्वतः काढून पाहायचा.

हमखास चुकणारी जागा दशांशाची. सोयाबीन ५ क्विंटल ८ किलो भरले, तर ते ५.०८ क्विंटल. मुले ५.८ लिहितात. ४,५०० रुपये भाव धरला तर या एका शून्याने ३,२४० रुपयांचा फरक पडतो, कारण ७२ किलोचा माल मध्येच वाढतो. उलट बाजूने पट्टीवर अशी चूक झाली तर तेवढेच पैसे शेतकऱ्याचे जातात. पुस्तकातल्या दशांशाच्या दहा उदाहरणांनी जे होत नाही ते या एका पट्टीने होते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले वर्गात आहेत. त्यांना यातले काय उपयोगी?

उचलीचा, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांचा, हिशेब. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडच्या कितीतरी घरांत वर्षाचे गणित उचलीवरच चालते. समजा एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, १ लाख उचल घेतली. तोडणीचा दर टनाला ४०० रुपये धरू. उचल फिटायला २५० टन ऊस तोडावा लागेल. दिवसाला दोन टन झाले तर १२५ दिवस. पाऊस, आजारपण, गाडी न येणे यांत वीस दिवस गेले तर ४० टन कमी, म्हणजे १६,००० रुपये अंगावर राहिले आणि ते पुढच्या वर्षाच्या उचलीत आले. हे गणित आठवीच्या मुलाला सहज जमते. त्यासोबत टनाची रोजची नोंदवही आखायला शिकवा: तारीख, गाडी, टन, मुकादमाची सही. हंगाम संपताना वाद होतो तो नेमका या आकड्यांवर, आणि वही असलेल्या घराचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते.

आणखी एक. दिवाळीच्या आसपास ही लेकरं गाव सोडतात. जाण्यापूर्वी त्यांच्या बचत बँकेतले पैसे त्यांच्या हातात द्या, खातेपुस्तकावर सही घ्या. परत आली की खाते पुन्हा सुरू.

घरच्या कर्जाबद्दल मुलांशी बोलावे का?

कर्जाबद्दल बोलावे, पण त्यांच्या घरच्या कर्जाबद्दल विचारू नये. ‘तुमच्या घरी किती कर्ज आहे ते लिहून आणा’ हा गृहपाठ कधीही देऊ नका. उदाहरणातले कुटुंब नेहमी कल्पित असावे. आपल्या भागात कर्जाच्या ताणातून माणूस गमावलेली घरे आहेत आणि त्या घरातले लेकरू तुमच्या वर्गात बसलेले असू शकते. ‘हिशेब ठेवला नाही म्हणून कर्ज झाले’ असे वाक्य त्याच्या कानावर पडता कामा नये. ते खरेही नाही. पाऊस दडी मारतो, भाव पडतो, दवाखान्याचा खर्च येतो. हिशेबाने पाऊस पडत नाही. कुठून किती आणि कोणत्या दराने घ्यायचे, एवढेच त्याने कळते.

सावकारीबद्दल मात्र स्पष्ट माहिती द्या. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे आणि परवानाधारकाला पैसे मिळाल्याची पावती द्यावी लागते. तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे करता येते.

आनंदनगरी दरवर्षी होते. तिच्यातून पैशाचे शिक्षण कसे होईल?

बहुतेक शाळांत आनंदनगरी म्हणजे आईने करून दिलेले पदार्थ आणि गल्ला मोजणे. गल्ल्यालाच मुले नफा समजतात. त्यासाठी आदल्या दिवशी खर्चाचा तक्ता भरून घ्या. सुशीला या मुरमुऱ्यांच्या पदार्थाचा एक नमुना, भाव आपापल्या गावाप्रमाणे बदलावेत: मुरमुरे १ किलो ८० रुपये, शेंगदाणे पाव किलो ३५, तेल २०० मिली ३०, कांदे अर्धा किलो १५, मिरची-कोथिंबीर-कढीपत्ता २०, द्रोण २५, गॅस १५. एकूण २२०. यात २२ द्रोण भरतात, म्हणजे द्रोणाला १० रुपये खर्च. दहा रुपयांना विकले तर २२० रुपयांचा गल्ला भरतो आणि नफा शून्य. पंधराला विकले आणि सगळे संपले तर ११० नफा. पाच द्रोण उरले तर गल्ला २५५, नफा ३५ रुपये.

गॅसची ओळ मुले हमखास सोडतात. ती लिहून झाली की ‘आईने पहाटे उठून कांदा चिरला, त्याचे किती?’ हा प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट पाहा.

मुलाचे बँकेत खाते कधी काढता येते?

पालकासोबत कोणत्याही वयात. आई पालक म्हणून चालते. १० वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतः खाते उघडून चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये बँकांना दिली, आणि एप्रिल २०२५ च्या सुधारित सूचनांतही ती कायम आहे. रकमेच्या मर्यादा प्रत्येक बँक ठरवते. पोस्टात बचत खाते ५०० रुपयांनी उघडते आणि आवर्ती ठेव महिन्याला किमान १०० रुपयांची. १० वर्षांखालील मुलीसाठी सुकन्या समृद्धी खाते काढता येते. वर्षाला किमान २५० रुपये, १५ वर्षे. एखादे वर्ष राहिले तर ५० रुपये दंड भरून ते चालू करता येते. पहिल्या वर्षी उत्साहाने उघडून पुढे विसरलेली खाती गावोगाव आहेत, म्हणून शाळेने दर मार्चमध्ये पालकांना आठवण करावी.

‘तीन वर्षांत दामदुप्पट’ अशा योजनांबद्दल काय सांगायचे?

७२ चा नियम. ७२ ला वार्षिक दराने भागले की पैसे दुप्पट व्हायला लागणारी वर्षे साधारण मिळतात. किसान विकास पत्राचा दर ७.५ टक्के असताना ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षे, आणि सरकारने दिलेली दुप्पट होण्याची मुदत ११५ महिने, म्हणजे तेवढीच. आता उलटे करा: तीन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सुमारे २४ टक्के. एवढा परतावा देण्यासाठी ती संस्था पैसा कुठे लावते, हा प्रश्न मुलांनीच काढू दे.

ठेव विमा हा पाठ नववीत घ्याच. बँक बुडाली तर ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. सहकारी बँकाही त्यात येतात, पण पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्या येत नाहीत. पाटीवर काय लिहिले आहे ते वाचायचे: ‘बँक’ की ‘पतसंस्था’. मराठवाड्यात कितीतरी घरांची लग्नाची, म्हातारपणाची पुंजी या एका शब्दाच्या फरकात अडकली आहे, म्हणून हे मनापासून शिकवा.

घरचे मोबाइलचे व्यवहार मुलेच करतात. त्यांना काय सांगावे?

पिन पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना टाकायचा असतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. ‘पैसे आले’ हा संदेश म्हणजे पैसे आले असे नव्हे, खात्यातली शिल्लक पाहायची. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. वर्गात दोघांना उभे करून खोट्या फोनचा प्रसंग करवून घ्या, आणि चूक झाल्यावर घरी सांगितले तर मार बसणार नाही हे पालकसभेत पालकांकडून वदवून घ्या. भीतीपोटी मूल दोन दिवस गप्प बसते आणि तेवढ्यात सगळे जाते.

शिक्षकाचे वाणिज्य झालेले नसेल तर?

काही अडत नाही. बेरीज, वजाबाकी, शेकडेवारी आली की पुरे. गावातल्या बँक शाखेतून किंवा पोस्टातून कोणाला तरी एक तास बोलवा, पण त्यांनी योजना विकायला नव्हे, तर पैसे भरण्याची आणि काढण्याची स्लिप भरून घ्यायला यावे, हे आधी ठरवून घ्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बचत बँकेचे काय करायचे?

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बंद करायची. आधी जुळणी, मग बँकेतून रक्कम काढणे, सुट्टे पैसे आणणे. सुट्टे आदल्या दिवशीच मागून ठेवा, नाहीतर त्या दिवशी सगळे अडते. प्रत्येक मुलाला त्याच्या शिलकेइतके पैसे पालकांसमोर द्यायचे, मुलाने ते मोजायचे आणि खतावणीत सही करायची. गैरहजर मुलांची पाकिटे नाव आणि रक्कम लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा, यादी समितीला द्या. सगळी पाने संपली की खतावणीची शेवटची बेरीज शून्य आली पाहिजे आणि पेटी रिकामी.